एकोणिसावं पान

कारखान्यात तिला सगळे मास्तरीण म्हणत. तिने अजून कोणाला काही शिकवलेलं नव्हतं. पण डब्याच्या सुट्टीत बाकीच्या बायका पाय पसरून गप्पांना बसल्या की ही कटिंगच्या टेबलाखाली अंग चोरून बसायची आणि वही उघडायची. वही गणिताची, आणि तीत आकडा औषधालाही नाही! नुसती अक्षरं. कोणाच्या डोक्यावर टोपी, कोणाच्या पायाशी शेपूट. "हे गणित आहे का जादूटोणा?" असं काजवालीने पहिल्याच वर्षी विचारून घेतलं होतं.

काजवाली म्हणजे पलीकडच्या मशीनवर दिवसभर शर्टांना काजं पाडणारी बाई. तोंडाने फटकळ, हाताला चलाख. मास्तरणीशी तिचं विशेष सख्य होतं असं नाही, पण दोघींच्या खुर्च्या पाठीला पाठ लावून होत्या, आणि सतरा वर्षं पाठ लागली की माणूस आपलंच होतं.

मास्तरणीचं वय बेचाळीस. लग्नाचं राहून गेलं. कसं राहिलं हे विचारणारी माणसंही आता थकली होती. घरी वडील, अप्पा. ते एका उंच कचेरीत लिफ्टमन होते. आई लवकर गेली, म्हणून शाळा सुटली की पोर थेट लिफ्टमध्ये. अप्पांच्या स्टुलाशेजारी तिचं छोटं स्टूल. वर, खाली, वर, खाली. आकडे ती तिथेच शिकली, बटणांवरून. पहिला मजला एक, तळमजला शून्य, आणि तळघर म्हणजे उणे एक. उणे म्हणजे काय हे वर्गात बाईंनी विचारलं तेव्हा बाकीची पोरं छताकडे बघत होती, ही म्हणाली, "जिथे फाइली ठेवतात आणि दिवा नसतो, ते." बाईंनी हसून शाळाभर सांगितलं, पण उत्तर काही चुकीचं नव्हतं.

तिने गणितात पदवी घेतली. पुढे शिकायचं, तर अप्पांचे गुडघे गेले आणि लिफ्टही बटण दाबलं की आपली आपण चालणारी आली. मग ही कटिंगला लागली. शाळांचे, दवाखान्यांचे, राखणदारांचे गणवेश. कापडाचे चाळीस चाळीस थर एकावर एक अंथरायचे, वर कागदी साचा, खडूची रेघ, आणि मग सुरी. एक रेघ चुकली की चाळीस शर्ट गेले. त्या टेबलावर चूक कधी एकटी येत नाही, चाळीस बहिणी घेऊन येते.

छत्तिसाव्या वर्षी तिच्या डोक्यात परत तो किडा वळवळला. बाहेरून बसून एम.एस्सी.ला नाव घालता येतं असं कळलं. नियम एकच, सहा वर्षांत सगळं संपलं पाहिजे. सहा वर्षं झाली आणि काही राहिलं, तर आधीचं सगळंही पुसलं जाणार, पास झालेले पेपरसुद्धा. एका कॉलेजने तोंडी सांगितलं होतं, डिग्री घेऊन या, आमच्याकडे तासांवर शिकवायला माणूस हवंच आहे. एवढ्यावर तिने सहा वर्षं रेटली. दोन पेपरांत आपटली, परत बसली, एकात पुन्हा आपटली, पुन्हा बसली. सगळे पेपर सुटायला साडेचार वर्षं गेली. उरला प्रबंध.

प्रबंधाला जे सर मिळाले ते निवृत्तीला टेकलेले. शनिवारी दोन तास भेटायचे. बोलणं म्हणजे "हं". पान उलटलं की "हं". चूक असेल तिथे पेन्सिलीचा ठिपका, बरोबर असेल तिथे काही नाही. शाबासकीची तिला सवय नव्हतीच, त्यामुळे तिचं आणि सरांचं छान जमलं.

आता प्रबंधात होतं काय, हे समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. पण घाबरायचं कारण नाही, ते तिने कारखान्यातल्या बायकांना सांगितलं तसंच इथेही सांगता येईल.

झालं असं. शेवटच्या तारखेला अकरा दिवस उरले असताना प्रबंध बांधून आला. काळी बांधणी, वर सोनेरी अक्षरं, आत सरांच्या सहीचा दाखला, की हे काम मी तपासलं आहे आणि ते बरोबर आहे. तिने तो पिशवीतून कारखान्यात आणला. नको आणायला, असं तिला निघताना वाटलं होतं, पण माणसाला एखादा दिवस मिरवावंसं वाटतं.

बायकांनी हात पुसून पुसून तो फिरवला.

"केवढा गं जाड! ह्यात गोष्ट आहे का काही?"

"गोष्टच आहे," मास्तरीण म्हणाली. ती त्या दिवशी खुशीत होती.

"मग सांग की. सहा वर्षं तुझी पाठ बघतोय आम्ही, तोंड कधी दिसणार?" काजवाली म्हणाली. "आणि आमच्या भाषेत सांग. टोप्या-शेपट्या नकोत."

मास्तरणीने विचार केला. मग टेबलावरचा शर्टाचा तुकडा उचलला. "ही माया," ती म्हणाली. शिलाईच्या बाहेर जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात, ते त्यांच्यातल्या शेंबड्या पोरीलाही माहीत. "आता ढिगात चाळीस शर्ट आले. कोणाची माया बोटभर, कोणाची अर्धं बोट, कोणाची त्याहून कमी. आपण काय करतो?"

"सगळ्यात कमी कोणाची ते बघतो, आणि तेवढीच सगळ्यांना धरतो. म्हणजे एकही उसवत नाही."

"तेच मी केलंय. फक्त माझ्याकडे चाळीस शर्ट नाहीत, अनंत आहेत. प्रत्येकाला थोडी का होईना माया आहे, एवढं मला ठाऊक. मी सिद्ध केलं की सगळ्यांना मिळून एकच माया पुरते."

"अनंत म्हणजे किती?"

"संपतच नाहीत इतके."

"अगं बाई!" शिलाईच्या मशीनवरची म्हणाली. "म्हणजे ओव्हरटाइम!"

सगळ्या हसल्या. काजवाली हसली नाही. ती सुईत दोरा ओवत होती, एक डोळा मिटून. "आणि सगळ्यात कमी माया कोणाची ते बघितलंस तू?"

"हो. तीच तर घेतली."

"कधी बघितलंस?"

"कधी म्हणजे?"

"शर्ट संपतच नाहीत म्हणतेस. आणि सगळ्यात कमी सापडली म्हणतेस. पुढच्याची आणखी कमी निघाली म्हणजे? त्याच्या पुढच्याची त्याहून कमी? ढीग संपल्याशिवाय तू सगळ्यात कमी ठरवलीस कशी?"

"पकडलं! मास्तरणीला काजवालीने पकडलं!" बायकांनी टाळ्या पिटल्या.

मास्तरीणही हसली. म्हणाली, "तसं नसतं गं ते. कारण..."

आणि ते कारण काही येईना.

तिने हातातल्या तुकड्याच्या कडेवर बोट ठेवलं. बोटभर माया. अर्धं बोट. पाव बोट. पावाचं अर्धं. प्रत्येकाला आहे, कोणालाच शून्य नाही, आणि तरी सगळ्यात कमी अशी कोणाचीच नाही. घसरत घसरत चाललेली, तळ नसलेली रांग. पहिल्या वर्षाची पोरं हे शिकतात. तीही शिकली होती, परीक्षेत लिहिलं होतं, त्याचे मार्क मिळाले होते. पण सतरा वर्षं हाताने ढीग उपसले होते आणि एकही ढीग न संपता राहिला नव्हता. डोकं अनंत म्हणत होतं आणि हात चाळीस धरून चालले होते. नुसत्या वहीतला माणूस असा चुकला नसता. हे चुकायला कटिंगच्या टेबलावरचीच बाई लागते.

तिने प्रबंध उघडला. पान एकोणीस. वरून सातवी ओळ. "या सर्वांतील सर्वांत लहान संख्या घेऊ. ती शून्यापेक्षा मोठी आहे हे स्पष्टच आहे." स्पष्टच! पुढची साठ पानं त्या एका स्पष्टवर उभी होती.

भोंगा झाला, बायका उठल्या. काजवालीने मशीन सुरू केलं, परत थांबवलं. "काय झालं गं? गंमत केली मी."

"काही नाही."

"चेहरा कसा झालाय बघ. माझं काय मनावर घेतेस, मी सातवी नापास."

"नाही गं," मास्तरीण म्हणाली. "तुझं बरोबर आहे."

काजवालीला आयुष्यात हे वाक्य फार वेळा ऐकायला मिळालं नव्हतं. आज मिळालं आणि ते तिला अजिबात आवडलं नाही.

शनिवारची वाट न बघता मास्तरीण दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या घरी गेली. सर व्हरांड्यात झाडांना पाणी घालत होते. तिने उभ्या उभ्याच पान काढलं आणि ओळीवर बोट ठेवलं. सरांनी झारी खाली ठेवली, चष्मा चढवला. वाचलं. "हं" म्हणाले नाहीत. परत वाचलं. मग पायरीवरच बसले.

"तीनदा वाचलंय हे मी," सर म्हणाले.

"हो."

"ठिपका नाही दिला."

"नाही दिला, सर."

सरांनी कलंडलेली झारी सरळ केली. मग सर म्हणाले, "बाई, ऐका. परीक्षक प्रस्तावना वाचतो, शेवट वाचतो, आणि संदर्भांच्या यादीत आपलं नाव आहे का बघतो. एकोणिसाव्या पानापर्यंत कोणी येत नाही. माझी सही झालेली आहे. तुम्ही तो देऊन टाका."

"दुरुस्त होतंय का बघते, सर. दहा दिवस आहेत."

"बघा," सर म्हणाले. "पण नाही झालं तरी द्या."

तिने कारखान्यातून रजा काढली. रजा कसली, बिनपगारी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरले. अप्पा दारातून डोकावायचे, चहा ठेवून जायचे, गार झालेला घेऊन जायचे. त्यांना एवढंच ठाऊक होतं की पोरगी शेवटचा हात फिरवते आहे. शेजाऱ्यांना त्यांनी सांगूनही टाकलं होतं, आता आठवड्याचा खेळ आहे. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "पोरगी एवढं शिकून करणार काय?" तर म्हणे, "करायचं काय त्यात? तिला ते येतं." अप्पांचं एकूण तत्त्वज्ञान एवढंच.

पहिले तीन दिवस ती पान एकोणीसला ठिगळ लावत राहिली. इकडून लावावं तर तिकडून उसवे. चौथ्या दिवशी तिने वीसपासून पुढे सगळं उलगडून नव्याने बांधायला घेतलं. सहाव्या दिवशी नाकी नऊ आले. सातव्या दिवशी तिला वेगळीच शंका आली, आणि ती आली तेव्हा तिने पेन्सिल खाली ठेवली आणि उठून उगाचच भांडी घासली. शंका अशी, की ठिगळ लागत नाही, कारण कापडच नाही. नुसती सिद्धता चुकलेली नाही, विधानच खोटं आहे. एकच माया सगळ्यांना पुरतच नाही.

आठव्या दिवशी दुपारी तिला उदाहरण सापडलं. छोटंसं, हाताच्या तळव्यावर मावेल एवढं. त्यात तिच्या सगळ्या अटी पाळल्या जात होत्या आणि तिचं विधान साफ मोडत होतं. दीड वर्षाचं काम अर्ध्या पानाने झोपवलं. तिने ते चारदा तपासलं. चारही वेळा ते बरोबर निघालं. प्रत्येक वेळी आपण कोणत्या बाजूने आहोत हे तिला कळेनासं होई. चूक निघावी असंही वाटे, आणि निघाली नाही की कुठेतरी आत, लाज वाटावी इतकं, बरंही वाटे.

तिने ते अकरा पानांत नीट लिहून काढलं. विधान काय होतं, ते खरं का वाटतं, आणि ते खोटं का आहे. सरांकडे नेलं. सरांनी शेवटपर्यंत वाचलं, एकही ठिपका दिला नाही, आणि दीड वर्षात पहिल्यांदा तोंडाने म्हणाले, "बरोबर आहे."

मग चष्मा काढून म्हणाले, "पण ह्याचा उपयोग नाही, बाई."

उपयोग का नाही ते तिला शुक्रवारी, शेवटच्या तारखेला, खिडकीवर कळलं. युनिव्हर्सिटीच्या तळमजल्यावर लांबच लांब खोली, एक खिडकी, आत एक कारकून. माणूस वाईट नव्हता. पंखा त्याच्याकडे वळवलेला होता तो त्याने तिला उभी बघून थोडा बाहेर वळवला. तिने अकरा पानं पुढे केली.

"हे काय?"

"प्रबंध."

"बांधलेला नाही?"

"वेळ मिळाला नाही. चालत नसेल तर संध्याकाळपर्यंत बांधून आणते."

त्याने वहीत तिचा क्रमांक काढला, बोट फिरवलं. "ह्याचं नाव वेगळं आहे. तुमचं मंजूर झालेलं नाव हे नाही. मंजूर नावात लिहिलंय की सिद्ध केलं. ह्यात तुम्ही म्हणताय की सिद्ध होत नाही."

"कारण होत नाही."

"नाव बदलायला समितीपुढे जावं लागतं."

"समिती कधी बसते?"

"दोन महिन्यांनी."

"आणि माझी मुदत?"

"आज पाचला संपते, बाई," तो म्हणाला, हळूच, जसं दवाखान्यात म्हणतात.

ती तिथेच उभी. मागे कोणी नव्हतं, त्यामुळे बाजूला व्हा असंही कोणी म्हणेना. कारकुनाची नजर तिच्या पिशवीकडे गेली. काळ्या बांधणीचा सोनेरी कोपरा बाहेर डोकावत होता. ती तो का घेऊन आली होती? घरी टेबलावर ठेवता आला असता. पण आणला होता, आणि कशासाठी आणला होता ते तिलाही ठाऊक होतं.

"तो आहे ना तयार?" कारकून म्हणाला. "नाव तेच दिसतंय. सही आहे आत?"

"आहे."

"मग तो द्या की. मी शिक्का मारतो. झालं."

तिने पिशवीत हात घातला. बांधणी हाताला लागली. त्याने खिडकीतून हात पुढे केला होता, तळवा वर करून. दोन हातांत वितीचं अंतर.

कोणी म्हणेल तिथे तिचा सच्चेपणा जागा झाला. तसं काही नव्हतं. तिने द्यायचं ठरवलं होतं. "हे घ्या" हे शब्द तोंडाशी आले होते. पण सतरा वर्षं त्या हाताने चुकीचा कापलेला तुकडा पुढच्या टेबलावर सरकवला नव्हता, आणि आता सरकवायचं म्हटलं तर हाताला ते जमेना. जसं एखाद्याला डाव्या हाताने लिहायला सांगावं. तिने जोर लावला, खरंच लावला. मग हात रिकामा बाहेर आला.

"नाही," ती म्हणाली. "तो चुकलाय."

कारकुनाने हात मागे घेतला. "पाचपर्यंत मी आहे इथे," तो म्हणाला.

ती बाहेरच्या बाकावर पाचपर्यंत बसली. पाच वाजता आतून खिडकीला फळी लागली.

घरी अप्पा आरशापुढे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. दार उघडताच म्हणाले, "दिलं?"

"नाही दिलं, अप्पा. चूक निघाली."

"किती मार्कांची?"

"सगळ्याच."

अप्पांना हे समजायला वेळ लागला. "मग नव्याने लिही," ते म्हणाले.

"मुदत संपली. आता सगळंच पुसलं. पहिल्यापासून नाव घालायचं तर परत सहा वर्षं, सगळे पेपर. अठ्ठेचाळीसची होईन मी. तासांना कोण घेणार आहे?"

"चूक काढली कोणी? त्या सरांनी?"

"काजवालीने."

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. मग भिंतीकडे. "ती शर्टांना भोकं पाडते ती?"

"तीच."

"आणि तू ते कोणाला न सांगता दिलं असतंस तर?"

"तर चाललं असतं, अप्पा. मी द्यायचा प्रयत्न केला," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. घटकाभर नाही, चांगलं तासभर. अप्पा शेजारी बसून राहिले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट बदललासुद्धा नाही, घामाने पाठीला चिकटला तरी.

सोमवारी ती कामावर गेली. काजवालीला कोणीतरी सांगितलं होतं. ती पाठ न वळवता म्हणाली, "मी तोंड बंद ठेवायला हवं होतं."

"नाही," मास्तरीण म्हणाली.

"माझ्या जिभेला काही हाड नाही बघ."

"उद्या राखणदारांच्या पँटी आहेत," मास्तरीण म्हणाली. "आठशे." त्या दिवशी दोघी एवढंच बोलल्या. पुढेही त्या कधी त्यावर बोलल्या नाहीत. मात्र काजवालीने त्यानंतर कोणालाही उलट प्रश्न विचारला नाही, आणि डब्याच्या सुट्टीत टेबलाशी जी हसाहस व्हायची ती जराशी विरळ झाली.

महिन्याभराने पत्र आलं. नाव रद्द, ओळखपत्र आणि वाचनालयाची पुस्तकं परत करावीत. पुस्तकं तीन होती. त्यांतल्या एकाला तिने स्वतः नवीन पाठ शिवून दिली होती, जुनी फाटली म्हणून. वाचनालयातल्या बाईने ती उलटसुलट केली. "कोणी शिवली ही?"

"मी."

"बरी शिवलीय. पण ह्याला दंड लागतो, पुस्तकात फेरफार केला म्हणून." मग तिच्याकडे बघून बाई म्हणाली, "जाऊ दे." आणि कार्ड मधोमध कापलं.

"वाचायला येऊन बसलं तर चालेल का? पुस्तक घरी नाही नेणार."

"बाहेरच्यांना नाही चालत, ताई."

ती बाहेर पडली. बसथांब्यावर उन्हात उभी राहिली. गर्दी नव्हती. समोरच्या दुकानाचं शटर कोणीतरी रंगवत होतं, वरून खाली, वरून खाली. बघता बघता तिच्या डोक्यात आलं, सुरुवातीलाच एक अट वाढवली तर? रांगेला तळाशी टेकू दिला, घसरूच नाही दिली, तर? मग बहुतेक विधान उभं राहील. बहुतेक नाही, राहीलच. तिने पिशवीत पेन्सिल शोधली, कागद शोधला. कागद होता, पाठकोरा, रद्द झाल्याच्या पत्राचाच. दोन ओळी लिहिल्या. तिसरी लिहिताना तिला आठवलं की सर गेल्या आठवड्यात निवृत्त होऊन मुलाकडे गेले, आणि त्यांच्याशिवाय हे वाचणारं माणूस तिच्या ओळखीत एकही नाही.

बस आली. तिने कागदाची घडी केली, पिशवीत टाकली आणि चढली. बसायला जागा होती.